पांढऱ्या डब्याची काळ्या डब्याशी सोयरीक

ढोकीपासनं पार कळंबपतुर ह्या सगळ्या पट्ट्यात गेमच्या डब्यातलं माझ्याएवढं कळणारा दुसरा माणूस न्हाय. आता ह्या पट्ट्यात ह्यो धंदा दुसऱ्या कुणी केलाच न्हाय, ती गोष्ट येगळी.

अंकवाले साहेब म्हणले, "बब्रुवान, तुमच्या धंद्यावर लिहा की दिवाळीला." म्या म्हणलं, साहेब, लिहिता आलं असतं तर ह्या धंद्यात कशाला पडलो असतो? शाळंनं मला दुसरीतच हात जोडले. तवा ते म्हणले, फोनम्होरं बोला, फोन लिहून घेतो. म्हणून बोलायलोय. मधीच कुठं "ए, बाकड्यावर चपला घालून चढू नको" असं आलं, तर ते गिऱ्हाइकाला हाय, तुमाला न्हाय.

धंद्यात गोष्टी लई घडल्या, पर सांगायची एकच हाय. माझ्या ह्या कळण्यापायी तेरखेड्याच्या शिल्पाची ठरत आलेली सोयरीक मोडायच्या बेतात आलती. पोरगी गुणाची, पोरगं तिला पसंत, दोनी घरची माणसं जाजमावर येऊन बसलेली, सुपारी ताटात. फकस्त मधी म्या बसलो व्हतो. ते कसं, हे कळायला आधी धंदा कळाया पायजे. म्हणून जरा दम धरा.

माझं दुकान ढोकीत, साखर कारखान्याच्या रस्त्याला. पत्र्याचं शटर, दोन टीव्ही, दोन बाकडी, एक पंखा. पंखा गिऱ्हाइकासाठी न्हाय, डब्यासाठी. हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॅक्टरची रांग वजनकाट्यापासनं माझ्या दारापतुर येती. ड्रायव्हर लोकं खाली उतरतेत, च्या पितेत, आन् रांग हालंस्तवर माझ्याकडं येऊन गेम खेळतेत. दिवसभर ट्रॅक्टर चालवून कंबरडं मोडलेला माणूस माझ्याकडं येऊन काय खेळत आसंल? ट्रॅक्टरचा गेम.

दुकानात डबे दोन. एक पांढरा, एक काळा. दोन येगयेगळ्या कंपन्यांचे. कंपन्यांची नावं घेत न्हाय, दोघींचंबी मीठ खाल्लंय. ह्या दोन कंपन्यांचं म्हंजी भावकीसारखं हाय. एकीनं दारात तुळस लावली की दुसरी लगेच दोन लावती, आन् वर म्हणती, आमी कुणाचं बघून करत न्हाय. पांढरीनं काढलं, की तुमचा दोस्त मुंबैला असला तरी तुमचा गेम त्याला टीव्हीवर दिसंल, आन् तुमी आडला तर त्यो तिकडनं तुमचा डाव हातात घेऊन खेळून दील. काळीनं काढलं, की चार गेम चार जागी अर्धवट सोडा, उद्या या, जनावर दावणीला जसं सोडलं तसंच उभं दिसंल. आन् आता दोघींनीबी एक सोय दिलीय. फोनमधलं ते बोलायचं ॲप असतंय बगा पोरांचं, ते आता थेट डब्यातनं लागतंय. म्हंजी पांढऱ्यावाला काळ्यावाल्यासंगं खेळता खेळता बोलू शकतो. पयले एका कानाला फोन आन् एका कानाला टीव्ही असं करावं लागायचं. माझ्या एका गिऱ्हाइकाची त्यात मान वाकडी झालती, ती आजून तशीच हाय.

आता दोघांचा तोंडवळा सांगतो. पांढरा डबा चालू केला की सगळे गेम एका ओळीत बसलेले दिसतेत. पंगत बसल्यावाणी. काळ्याचं तसं न्हाय. काळ्याचं घर म्हंजी आठवडी बाजार. हितं एक पाल, तितं एक पाल, मधीच कुणीतरी जाहिरातीची चादर अंथरलेली. पंगतीत माणूस चुकत न्हाय, पर बाजारात मजा जास्त. मला कुणी इचारलं, कुठला चांगला, तर म्या एकच सांगतो: जो डबा दुसऱ्याच्या घरी हाय, त्यो.

मला वाचता येत न्हाय, हे आता तुमाला कळलंच आसंल. मग म्या डबे चालवतो कसे? तर बायका अंधारात मिठाचा डबा कसा उचलतेत, तसं. हात जातो. हितनं उजवीकडं, तितनं खाली, दाबा. हाताला पाठ. म्हणून ह्या धंद्यात मला एकाच गोष्टीचं भ्या वाटतं, ते म्हंजी अपडेट.

अपडेट म्हंजी काय, तर तुमी झोपल्यावर कुणीतरी सातासमुद्रापल्याडनं येतं, तुमच्या घरातली चूल न्हाणीत नेऊन ठिवतं, न्हाणी देवघरात नेतं, आन् सकाळी दारावर पाटी लावतं, की हे सगळं तुमच्या सोयीसाठी केलंय. डोळसाला काय, त्यो पाटी वाचून जातो. माझ्यासारख्याचा हात मिठावर जातो आन् निघतो साबण.

तसा साबण एकदा हणमंताच्या ताटात पडला. हणमंत म्हंजी माझं ठरलेलं गिऱ्हाइक, उसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. गेममधी त्यानं शेती केलती. वर्साची मेहनत. नांगरट, पेरणी, कापणी, सगळं पांढऱ्या डब्यावर. ह्या गेमात आनलाइन सोय हाय: तुमच्या रानात दुसऱ्या मुलखातला माणूस येऊन मदत करू शकतो. एक दिवस कुणी परदेशी बाप्या त्याच्या रानात उतरला आन् नांगर घेऊन गव्हाकडं निघाला. हणमंत बाकड्यावर उभा राहिला.

"बब्रूभाऊ! बांध कोरायलाय भाड्या!"

"आरं, मदत करायलाय त्यो."

"मदत? गोरं माणूस हाय, दिडशे वर्सं मदतच केली त्यांनी! त्याला भाईर काढा. आदी भाईर काढा."

म्या रिमोट घेतला. माणूस भाईर काढायचं बटण कुठं असतंय, माझ्या हाताला पाठ व्हतं. पर आदल्याच रात्री अपडेट आलतं. त्या जागी कंपनीनं दुसरंच ठिवलं व्हतं. म्या दाबलं. टीव्हीवर हिरवी टिक आली. म्या म्हणलं, गेला. गेला नव्हता. म्या त्याला त्या रानाचा कुलमुखत्यार करून टाकला व्हता. आमच्या डोळ्यादेखत त्या बाप्यानं हणमंताचा गहू इकला, ट्रॅक्टर इकला, गोठ्यातल्या गाई इकल्या, आन् जाताना हात हालवून गेला.

हणमंत बाकड्यावरनं खाली उतरला. मग म्हणला, "आता तलाठ्याकडं जाऊन तरी काय सांगू?" तेवढ्यात भाईर हॉर्न वाजले. त्याच्या खऱ्या ट्रॅक्टरचा नंबर आलता आन् मागं सगळी रांग शिव्या द्यायलती.

तसंच एकदा एक बाई आल्या, डोक्यावर पदर, हातात पिशवी. म्हणल्या, "आमचं पोरगं म्हणतंय त्याला हितं सोन्याचा चषक भेटलाय. घरी काय आणलेला न्हाय. तुमी ठिवून घेतलाव का?" पांढऱ्या डब्यावर खेळात जिंकलं की चषकाचं चित्र येतं. काळ्यावर नुसते मार्क पडतेत. म्या त्यांना टीव्हीवरचा चषक दाखवला. त्या पुढं झाल्या, पदरानं टीव्हीची काच पुसली, नीट बघितलं आन् म्हणल्या, "काळ्या डब्यावर बसवा त्याला. मार्क तरी पडतील."

आता ह्यात वाईट काय वाटतं ते सांगतो, मग तेरखेड्याला जाऊ. पयले आनलाइन नव्हतं, तवा एका बाकड्यावर चार जण, एकाच रिमोटासाठी भांडायचे. हरलेला उठायचा, जिंकलेला त्याला च्या पाजायचा. आता प्रत्येकाचे दोस्त हायत, शंभर शंभर हायत, पर बाकड्यावर एकबी न्हाय. डबा सांगतो, तुमचा अमका दोस्त आता खेळायलाय. अमका दोस्त पल्याडच्याच गल्लीत असतोय, पर हितं येत न्हाय. कंपनीनं दोस्त जवळ आणले आन् माझं बाकडं रिकामं केलं. आसो. पंख्याचं वारं तरी आता मला लागतं.

तर तेरखेडा.

तेरखेडा म्हंजी फटाक्यांचं गाव. तिथं अंगद अण्णांचा फटाक्यांचा कारखाना हाय, गावाभाईर माळावर. शिल्पा त्यांची थोरली. ती बापाच्या हाताखाली कामाला. फटाक्यांच्या कामात नेम लई कडक. फोन आत न्यायचा न्हाय, पाय आपटायचा न्हाय, लोखंडावर लोखंड वाजवायचं न्हाय, मोठ्यानं बोलायचं न्हाय. पोरगी दिवसभर अशी गप, जपून जपून काम करायची. आन् सांजच्याला घरी आली की टीव्हीम्होरं बसून धाड धाड बाँब फोडायची. तिचा पांढरा डबा माझ्याच हातनं बसवलेला. अण्णा म्हणायचे, "तापट पोरगी हाय, पर काय फोडायचं ते टीव्हीत फोडती, बरं हाय."

तिला स्थळं आली, तिनं मोडली. तिचं एकच म्हणणं: डबा संगं येणार, आन् नवऱ्याला खेळता आलं पायजे. नात्यातल्या लोकांनी नाकं मुरडली. मग तेर गावचं स्थळ आलं. अमोल. जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला, घरी मेंढरं. पोरगं गरीब, कमी बोलणारं. आन् त्याच्याकडं डबा हाय! पर काळा.

बघण्याचा कार्यक्रम झाला, दोघांनी होकार दिला. अण्णा म्हणले, पत्रिका जुळवू. तवा अडलं. अमोलची जन्मवेळच कुणाला ठावं न्हाय. त्याचे आजे ग्यानबा आबा म्हणले, "मेंढरं पाण्यावर नेली तवा झाला."

"आवो पर किती वाजले व्हते?" अण्णांनी इचारलं.

"मेंढरं तहानली व्हती, येवढं सांगतो."

गुरुजी म्हणले, ह्याच्यावर पत्रिका मांडता येत न्हाय. अण्णांच्या जीवाला घोर लागला. आधीच चार स्थळं गेलेली, ह्ये पाचवं बिनपत्रिकेचं. पोरीचं पुढं काय वाईट झालं तर लोक म्हणणार, जुळवलंच न्हवतं. कायतरी जुळवल्याबिगर सुपारी फोडायला त्यांचं मन घेईना. तवा हणमंत मधी पडला. हणमंत अण्णांचा मेव्हणा, शिल्पाचा मामा. त्यो म्हणला, "दाजी, पत्रिका ऱ्हाऊ द्या. डबे जुळवा. दोघांचा जीव डब्यातच हाय. डबे एकमेकांसंगं नांदले तर ही दोघंबी नांदतील."

अण्णांना ते पटलं. म्हणले, "जुळवणार कोण?"

"ढोकीचा बब्रूभाऊ. ज्या माणसानं माझी सगळी शेती एका बटणात इकली, त्याला काय ठावं नसंल?"

आवतण आलं. बायकोला सांगितलं, तेरखेड्याला लगीन जुळवायला बोलावलंय. ती म्हणली, "तुमाला?" आन् नुसती हसत राहिली. म्या धुतलेलं धोतर नेसून गेलो. एरवी पँट घालतो, पर कामाला तसा पोशाख लागतो.

गेलो तर काय, जाजम अंथरलेलं, दोनी बाजूला माणसं, मधी दोन टीव्ही. एक अण्णांचा, एक शेजाऱ्याचा उचलून आणलेला. ताटात सुपारी, हळदकुंकू, नारळ. मला पाट दिला. गुरुजींसारखा! म्या पाटावर बसलो, बरोबर टीव्हींच्या म्होरं. एका बाईनं तर पाया पडून घेतलं. म्या आशीर्वादबी दिला, आता काय सांगायचं.

अमोलनं आपला काळा डबा घोंगडीत गुंडाळून आणलता. आबांनी घोंगडी सोडली आन् डबा पांढऱ्याशेजारी ठिवला, नवरदेव पाटावर बसवल्यावाणी. अण्णांनी धंद्याच्या सवयीनं आधी दोनी डब्यांना हात लावून बघितलं.

"तापून फुटत तर न्हाय ना हे?"

"फुटत न्हाय अण्णा."

"मग ठीक. फुटणारं सामान आमच्याकडं हाय तेवढं बास."

म्या दोनी डबे चालू केले, घरातल्या वायफायला जोडले. आन् दोघांनीबी एकदम अपडेट मागितलं. टीव्हीवर एक रेघ आली, ती भरत जाती. ती भरल्याबिगर डबा काय करू देत न्हाय. दोनी टीव्हीवर दोन रेघा. सगळं जाजम रेघांकडं बघत बसलं. पांढऱ्याची रेघ पुढं सरकली की पोरीकडची माणसं खूश, काळ्याची सरकली की पोराकडची. पोहे आले, खाऊन झाले. काळ्याची रेघ मधीच थांबली तशी अमोलच्या आईनं देवाचं नाव घेतलं. आबा म्हणले, "लगीन लागताना मंगळाष्टकाला बी येवढा वेळ जात न्हाय." शेवटी पांढऱ्याची आधी भरली. पोरीकडचा एक जण टाळ्या वाजवायलाच लागला, त्याला शेजारच्यानं कोपर मारलं.

दोनी चालू झाले, आन् बघतो तर काय! दोनी डब्यांची चूल हलली व्हती. पंगत वरची खाली गेलती, बाजारातली पालं भलतीकडं. पर पाटावर बसलेल्या माणसानं "मला समजंना" असं म्हणायचं नसतं. म्या घसा खाकरला.

"पयला गुण. दोघंबी आनलाइन जातेत. जुळला."

"जुळला," जाजम म्हणलं.

"दुसरा गुण. दोघांनाबी फोनचं बोलायचं ॲप थेट लागतं. अबोला राहणार न्हाय."

बायकांकडनं "हे मातर चांगलं हाय" असं आलं.

"तिसरा गुण. काळ्याला चार गेम अर्धे सोडायची सवय, पांढऱ्याला तशी न्हाय. हितं जरा सांभाळून घ्यावं लागंल."

"पोराची सवय हाय ती," अमोलची आई म्हणली. "च्या बी अर्धा सोडतंय."

असं रंगात आलं व्हतं सगळं. तेवढ्यात पांढऱ्या डब्याच्या टीव्हीवर एक चौकट आली, इंग्रजीत. म्या ती वाचल्यासारखं करून मान हालवली. अण्णा म्हणले, "काय म्हणतंय?" म्या म्हणलं, "नेहमीचंच." अमोल मागनं हळूच म्हणला, "दुसऱ्या कंपनीच्या डब्यावाल्यासंगं खेळायला परवानगी हाय का, असं इचारलंय."

अण्णा फुलले. "बगा! डब्याला बी रीत कळती. आधी इचारतोय. त्याच्यासाठीच तर जाजम अंथरलंय. हाय म्हणा, बब्रूभाऊ."

आता इथं एक बारीक गोष्ट हाय, ती सांगतो. पांढऱ्या डब्याच्या रिमोटावर होकाराचं बटण फुलीचं असतंय. नकाराचं गोल असतंय. उलटं हाय, पर तसंच हाय. मला त्याचं कधी अवघड गेलं न्हाय. शाळंत मास्तरांनी माझ्या पाटीवर फुलीबिगर काय काढलं न्हाय, फुली मला घरच्यासारखी. तर म्या फुलीवर अंगठा ठिवला.

"ओ, ओ, ओ!" अमोलच्या आईनं हात पुढं केला. "फुली काय मारायलाव? शुभ कामात?"

"आवो ताई, ह्या डब्यात फुली म्हंजी होकार..."

"होकाराला कुणी फुली मारतं व्हय? आमच्या पोराच्या नावावर फुली? तेबी सुपारीच्या ताटाम्होरं?"

सगळं जाजम कुजबुजायला लागलं. अण्णा माझ्या कानाशी आले. "बब्रूभाऊ, पोराची आई हाय. तिच्या मनात किंतू नको. दुसरं कायतरी दाबा की. ते गोल हाय ना, ते दाबा. गोल बरं दिसतंय. कुंकवासारखं."

मला पक्कं ठावं व्हतं गोल म्हंजी काय. पर येवढी माणसं, पाट, धोतर, मघाशी दिलेला आशीर्वाद. म्या अण्णांकडं बघितलं, पोराच्या आईकडं बघितलं, आन् गोल दाबलं. चौकट गेली. सगळ्यांना बरं वाटलं. मलाबी बरं वाटलं, म्हणलं कुणाला काय कळतंय.

मग शेवटचा गुण राहिला, मुख्य: दोघांना एका गेममधी आणायचं. अमोलनं त्याच्या काळ्या डब्यावर गेम लावला. म्या पांढऱ्यावर लावला. त्याला शोधलं. दिसंना. मग डब्याच्या दोस्तांच्या पानात शोधलं. तिथंबी न्हाय. परत गेम बंद केला, चालू केला. वायर काढली, फुंकर मारली, घातली. जुन्या काळी फुंकरीनं बरंच काय चालायचं. न्हाय. पांढऱ्याला काळा दिसतच न्हाय. जसा काय त्यो ह्या जगात न्हाय.

आबांनी इचारलं, "काय झालं?"

तवाच म्हणायचं व्हतं, की आबा, म्या चुकीचं बटण दाबलंय. दोन शब्द व्हते. पर पाटावरनं ते सुटंनात. तोंडातनं भलतंच निघालं. म्या गंभीर तोंड केलं आन् म्हणलं, "जुळत न्हाय. ह्या डब्याला त्यो डबा दिसत न्हाय. योगच न्हाय."

कुठनं आला त्यो 'योग' देव जाणे. अमोलची आई म्हणली, "म्या म्हणलंच व्हतं, फुलीवर अंगठा ठिवला तवाच म्हणलं." अण्णांचं तोंड पांढरं फट पडलं. फटाक्याचं घर पेटताना माणसाचं व्हतं, तसं. आबा उठले आन् घोंगडी झटकायला लागले. अमोल जागचा हालला न्हाय, पर त्याचे डोळे सैपाकघराकडं. म्या उगंच ताटातला नारळ सरळ केला.

सैपाकघरातनं शिल्पा आली. बघायच्या कार्यक्रमाला पोरगी कशी येती, मान खाली, ट्रे हातात, हळू हळू? तशी न्हाय. पदर खोचलेला, हातात झारा. झारा तिनं हणमंताच्या हातात दिला.

"मामा, सरका," ती मला म्हणली. तिचा खरा मामा हणमंत, त्योच झारा घेऊन सरकला. "न्हाय, तुमी न्हाय. ह्ये."

म्या पाटासकट थोडा सरकलो. तिनं रिमोट घेतला, मला नव्या अपडेटात जे कधी सापडलं नसतं त्या जागी सरळ गेली, आन् म्हणली, "कुलूप कुणी घातलंय ह्याला? परवानगी न्हाय म्हणून कुणी दाबलं?"

अण्णा जाजमाचा दोरा ओढायला लागले.

"आन् डब्याच्या पानात काय शोधता? तिथं फकस्त ह्याच कंपनीचे असतेत. आपल्या भावकीत दुसऱ्याची भावकी शोधल्यावर सापडंल व्हय? गेमचं आपलं येगळं पान असतंय, तिथं सगळ्या डब्यांची माणसं असतेत. हे बगा." तिनं फुली दाबली. ठासून. अमोलच्या आईनं डोळे मिटले. पान उघडलं. आन् सगळ्यात वर, पयलाच, अमोलचा फोटो. मेंढीच्या कोकराला मांडीवर घेतलेला.

अण्णा म्हणले, "ह्यो तुझ्या पानात कसा? हे कवापासनं?"

"तुमी पत्रिका शोधत हिंडत व्हता, तवापासनं."

अमोल खाली बघत व्हता. पर त्यानं रिमोट हातात घेतलेला, ते म्या बघितलं. काळ्या डब्याच्या टीव्हीवर शिल्पाचं नाव आलं. दोघं एका गेममधी उतरले. एक पडकं गाव, बंदुका, धूर. सगळं जाजम पुढं सरकलं. आबांनी घोंगडी खांद्यावरच ठिवली, पर बसले. शिल्पा आता पोरीसारखी बोलंना, फौजदारासारखी बोलायला लागली.

"अवो, डावीकडं! डावीकडं म्हणलं म्या!"

"व्हय."

"दारात उभं नका राहू, आत या! मागं बगा, मागं! खिडकीतनं मारायलाय तुमाला! डोळे कुठं ठिवलेत, मेंढरात?"

"व्हय, व्हय."

"आता माझ्या मागं मागं चला. म्या सांगिस्तवर गोळी मारू नका."

"व्हय."

बायका तोंडाला पदर लावून हसायलेल्या. अमोलची आई आधी पोराकडं बघत व्हती, मग टीव्हीकडं, मग तिलाबी ऱ्हावंना. "आरं, वर बघ की अमोल, छपरावर हाय एक!" शिल्पानं छपरावरच्याला पाडलं. अमोलच्या आईनं टाळी दिली.

डाव जिंकला. अण्णा आबांकडं बघायले. सगळे आबांकडं बघायले. आता ह्यांनी हो म्हणलं तर पोरीचं घर बसतंय, न्हाय म्हणलं तर पाचवं स्थळ गेलं. आबांनी हातातली काठी टीव्हीवरच्या त्या पडक्या गावाकडं केली.

"अण्णा," ते म्हणले, "पन्नास वर्सं मेंढरं राखली म्या. कळपाला दोन गोष्टी लागतेत. एक हाकणारं आन् एक ऐकणारं. दोनी हाकणारी असली की कळप पांगतो. दोनी ऐकणारी असली की लांडगा नेतो. हितं एक हाकायलीय, एक ऐकायलाय. मला दुसरी पत्रिका नको. फोडा सुपारी."

सुपारी फुटली. भंडारा उधळावा तसं हळदकुंकू झालं. अण्णांनी डोळे पुसले, हणमंतानं झाऱ्यानंच टाळ्या वाजवल्या. आन् लेकरं गप बसली न्हायत, त्यांनी लगेच दुसरा डाव लावला. सगळे पुन्हा टीव्हीकडं.

मला वाटलं, आता आपुन काहीतरी बोलावं. जुळवणारा म्हणून आपला शेवटचा शब्द पायजे. म्या पाटावर नीट मांडी घातली, धोतर सावरलं आन् म्हणलं, "आबा, म्हंजी त्याचं असं हाय, ह्या नव्या अपडेटमुळं दोनी डब्यांची मनं..."

आबांनी माझ्याकडं मान वळवली न्हाय. काठीनं माझ्या खांद्याला ढोसलं आन् म्हणले, "ते ऱ्हाऊ द्या. तुमी आधी टीव्हीम्होरनं उठा. मघाधरनं निम्मं दिसंना आमाला."